सिस्टरना आणायची स्कूटर

भिंगारच्या त्या घरात वरच्या खोलीवर मी राहायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या बादलीवर बोर्ड बसला. बादलीला बुडापासून चीर गेली होती. कचऱ्याच्या गाडीत टाकायची म्हणून सकाळी ती घेऊन खाली उतरले, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीशी घरमालक उभे. त्यांनी बादली माझ्या हातातून काढून घेतली, उजेडाकडे धरून चीर न्याहाळली आणि विचारलं, "हिचा बोर्ड झाला का?"

मी मूळची संगमनेरची, नगरच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागलेली. बोर्ड म्हटलं की मला दहावीचा बोर्ड आठवायचा. काकांचा बोर्ड वेगळा होता. त्यांची सगळी नोकरी लष्कराच्या गाड्यांच्या डेपोत स्टोअरकीपर म्हणून गेली होती. तिथे साधी पक्कड मोडली तरी ती कुणी एकट्यानं फेकायची नाही. तीन माणसांनी बसून ती बघायची, तिघांनी मिळून तिला कंडम ठरवायचं, मगच ती भंगारात जायची. निवृत्त होताना डेपोनं काकांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि काकांनी कुणाला न विचारता हा नियम घरी आणला. कुकरची रिंग असो, झाडू असो, विटलेला टॉवेल असो, बोर्डाशिवाय घराबाहेर काही जात नसे. मेंबर तीन. काका, त्यांची बायको आणि वरच्या खोलीतला भाडेकरू. माझ्या आधीचा भाडेकरू बोर्डांना कंटाळून बदली मागून गेला, असं त्यांची बायको हसत हसत सांगायची.

बादलीच्या बोर्डावर मी कंडम म्हणाले. काका म्हणाले, पाणी धरत न्हाई, पण माती धरंल. तिसऱ्या मेंबरनं हातातली मेथी निवडता निवडता मान हलवली आणि बादली वाचली. पावसाळ्यात तिच्यात अळू आलं. त्या अळूची भाजी मला वाटीभर आली तेव्हा काकांनी जिन्यातून वर ओरडून सांगितलं की ही तुमच्या कंडम मालाची भाजी हाय.

त्या तिसऱ्या मेंबर म्हणजे सिस्टर. त्या नगरच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या आणि सगळं भिंगार त्यांना सिस्टर म्हणायचं. भाजीवाला म्हणायचा, कँटोन्मेंटचा कचरेवाला म्हणायचा, आणि काकाही म्हणायचे. स्वतःच्या बायकोला सिस्टर म्हणणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकदा मी भीत भीत विचारलंच, तर काका म्हणाले की तिनं ते नाव अभ्यास करून कमावलंय, आईबापानं ठेवलेलं नाव तर काय कुणालाही फुकट मिळतं.

काका मला मात्र नावानं कधी हाक मारायचे नाहीत. मी मेंबर. "मेंबर, टाकीचं पानी सोडलंय", "मेंबर, चहा इश्यू झालाय, या". त्यांच्या घरात चहा दिला जात नसे, इश्यू होत असे. खोली ताब्यात देताना त्यांनी मला पंख्यापासून खुंट्यांपर्यंत एकेक वस्तू हात लावून दाखवली होती, आणि एक खुंटी डुगडुगते हे आत्ताच सांगतोय, नंतर तक्रार चालणार नाही, असं बजावलं होतं. माणूस उंच, शिडशिडीत, पांढऱ्या मिशा बारीक कातरलेल्या. सकाळी साडेसातला बूट घालून, भांग पाडून तयार. जायचं कुठेच नसायचं, तरी बुटांना पॉलिश असायचं.

जायचं असलं तर ते चालत जायचे. सिस्टरकडे बिनगिअरची चांगली नवी स्कूटर होती, वेळीअवेळी ड्यूटीवर जायला त्यांनी स्वतः घेतलेली. काका तिच्यावर बसत नसत. एप्रिलच्या उन्हात सिस्टर बाजाराला निघाल्या की म्हणायच्या, बसा मागं. काका म्हणायचे, तुमी व्हा पुढं. मग भिंगारच्या रस्त्यानं सिस्टर अगदी हळू गाडी चालवत आहेत आणि काका पिशवी घेऊन शेजारून झपाझपा चालत आहेत, असा देखावा दिसायचा. लोकांना वाटायचं, बायकोच्या मागं बसायला लाज वाटत असेल. तसं काही नव्हतं. बिनगिअरच्या गाडीला ते गाडीच मानत नसत. "त्याला पाळना म्हनतात," असं त्यांचं मत होतं, आणि पाळण्यात बसायचं वय उलटून गेलं असं ते गंभीरपणे सांगायचे.

त्यांची स्वतःची गाडी मागच्या पडवीत होती. गिअरची जुनी स्कूटर, एके काळी घरोघरी असायची तसली. मी गेले तेव्हा तिला गाडी म्हणायला धीर लागला असता. वरून ताडपत्री, ताडपत्रीवर सिस्टरच्या कुरडया वाळत घातलेल्या. टायर बसलेले, सीटमधला फोम उंदरांनी काढून नेलेला, आणि पुढच्या डिकीचं झाकण निघालेलं असल्यामुळे समोरच्या मामींची एक कोंबडी आत बसून अंडी घालायची. मामी रोज सकाळी येऊन डिकीत हात घालायच्या आणि जाताना म्हणायच्या, "तुमची गाडी लई ॲव्हरेज देती बघा." काका हसायचे नाहीत. गाडी इतकी वर्षं जागची हलली नव्हती, तरी तिचे कागद मात्र त्यांनी मुदतीच्या मुदतीला जाऊन जिवंत ठेवले होते.

या स्कूटरवर बोर्ड बसला तो सिस्टरच्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात. रविवार होता. बुद्धवंदना झाली होती, खिरीच्या वाट्या हातात होत्या, आणि सिस्टरनीच विषय काढला. निवृत्त झाल्यावर त्यांना ती पडवी हवी होती. तिथे एक टेबल टाकायचं, दोन खुर्च्या, आणि गल्लीतल्या बायकांचं ब्लडप्रेशर बघायचं, गोळ्या कधी कुठल्या घ्यायच्या ते समजावून सांगायचं. बायका डॉक्टरसमोर बोलत नाहीत, माझ्याशी बोलतील, असं त्या म्हणाल्या. मागणी इतकी सरळ होती की मला लगेच पटली. त्यांनी मत दिलं, कंडम. काकांनी मत दिलं, दुरुस्त. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी भाडेकरू. दोघांच्याही घरात राहायचं होतं. मी शिक्षकी तोडगा काढला. सिस्टर निवृत्त होतील त्या दिवसापर्यंत काकांना मुदत. तोवर गाडी रस्त्यावर आली तर राहील, नाही आली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. सिस्टर म्हणाल्या, मान्य, मुदत काय, ती काही चालू व्हायची न्हाई. काकांनी खिरीची वाटी अर्धी तशीच ठेवली.

संध्याकाळी मी शाळेच्या वह्या तपासत असताना ते वर आले. दारातच उभे राहिले. सिस्टर ड्यूटीवर गेल्या होत्या, तरी आवाज खाली केला आणि मला सगळं सांगितलं. सिस्टरचे आईवडील पाथर्डीकडचे, दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. सिस्टरचं लहानपण अर्धं उसाच्या फडाशेजारी कोपीवर, पाचटाच्या झोपडीत गेलेलं, शाळा अर्धी बुडालेली. तरी ही मुलगी शिकली, नर्सिंगला गेली. नोकरी लागली तेव्हा लग्नाला थोडेच महिने झाले होते आणि स्कूटर नवी होती. पहिल्या दिवशी पांढरी साडी नेसून सिस्टर मागे बसल्या आणि काकांनी त्यांना दवाखान्याच्या फाटकात नेऊन सोडलं. फाटकातून आत जाताना त्या एकदा वळून बघतील असं काकांना वाटलं होतं. त्या वळल्या नाहीत. ताठ मानेनं सरळ आत गेल्या, आणि काकांना त्याचाच भारी अभिमान होता.

"ज्या गाडीवर सोडली," ते म्हणाले, "त्याच गाडीवर घरी आनायची हाय. शेवटच्या ड्यूटीवरनं. एवढंच हाय बगा मेंबर. सिस्टरला बोलू नका."

मी नाही बोलले. पण त्या दिवसापासून मला त्या गंजक्या सांगाड्याची काळजी लागली. शाळेतून आले की बॅग न ठेवता आधी पडवीत डोकवायची.

पहिलं संकट म्हणजे इंजिन जाम झालेलं. किक तसूभर हलत नव्हती. गल्लीतल्या सगळ्यांनी सांगितलं, मेकॅनिककडे टाका. काकांना ते मान्य नव्हतं. घरातला माणूस घरातच बरा करायचा, असं ते म्हणाले, आणि ज्यांची बायको परिचारिका त्यांनी हे बोलावं याचं सिस्टरना फार हसू आलं. काकांनी प्लग काढून त्या भोकातून डिझेल ओतलं आणि वाट बघत बसले. रोज सकाळी चहा झाला की स्टूल घेऊन गाडीपाशी बसायचे आणि किक हातानं हळूच दाबून बघायचे. जोर लावायचे नाहीत. तोंडानं काहीतरी पुटपुटायचे. मला वाटलं, मंत्र असेल. जवळ जाऊन ऐकलं तर "चल बाई, चल माजी बाई" असं चाललं होतं. असे कित्येक दिवस गेले. मग एका सकाळी मी डबा भरत असताना खालून भांडं पडल्यासारखा आवाज झाला. धावत गेले तर काका स्टुलावरून खाली बसलेले आणि किक खाली गेलेली. "सुटली," ते म्हणाले. सिस्टर स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. म्हणाल्या, कंबर तर न्हाई ना सुटली? आणि आत जाऊन त्यांनी सगळ्यांना पुन्हा चहा टाकला.

मग ती स्कूटर घरभर पसरली. पडवीत मावेना तेव्हा ओट्यावर आली, ओट्यावरून बैठकीत. दिवाणाखाली मडगार्ड. टीव्हीवर हेडलाईट, तो आपल्याकडेच बघतोय असं वाटून मला मालिका बघता येईना. एकदा मी साखर मागायला गेले आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या डब्यात हात घातला तर नटबोल्ट हाताला लागले. कार्बोरेटर धुवायला काकांनी चहाची गाळणी घेतली, त्या दिवशी मात्र सिस्टरचा संयम संपला. त्यांनी नवी गाळणी आणली आणि जुनीला काकांच्या देखत लाल चिंधी बांधली. दवाखान्यात जंतूंची वस्तू वेगळी ठेवतात तशी ही वेगळी, इतकंच त्या म्हणाल्या. काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या चहाच्या कपालाही लाल चिंधी बांधली.

कार्बोरेटरच्या आतली बारीक भोकं साफ करायला काकांना सुई हवी होती. ते बिचकत म्हणाले, तुमच्याकडं दवाखान्यात एखादी सुई... सिस्टर एवढंच म्हणाल्या की दवाखान्याचा कापसाचा बोळासुद्धा मी आजवर घरी आणलेला नाही आणि शेवटच्या वर्षी आणणार नाही. काका ओशाळले. त्या संध्याकाळी मात्र ड्यूटीवरून येताना सिस्टर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये थांबल्या, आणि एक नवी सिरिंज आणि सुई विकत घेऊन न बोलता गाडीच्या टाकीवर ठेवून आत गेल्या. बोर्डावर कंडम म्हणणारी हीच बाई. मी बघितलं, काकांनीही बघितलं.

एका रविवारी ते मला नगरच्या भंगार बाजारात घेऊन गेले. म्हणजे ते चालत गेले, मी रिक्षानं. क्लचची दांडी हवी होती. आपली मोडकी दांडी त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती आणि प्रत्येक दुकानात ती बाहेर काढून समोरच्या दांडीशेजारी धरायची, मान तिरकी करून बघायचं आणि नको म्हणायचं. मुलीसाठी स्थळं बघत फिरणारा बाप असाच दिसत असावा. बाजारभर मोडलेल्या स्कूटरी पडलेल्या होत्या. काका प्रत्येकीपाशी थांबत होते, एकीच्या आरशावरची धूळ त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसली. एका दुकानदारानं विचारलं, मॉडेल कोणतं? काका म्हणाले, घरचं हाय.

रंगावरून तर घरात खरं भांडण झालं. काकांना वाटे गाडीचा मूळ रंग आकाशी. सिस्टर म्हणायच्या, साफ खोटं, कैरीसारखा हिरवा होता, मी काय आंधळी होते का. दोघांचा पहिल्या गाडीचा, पहिल्या वर्षाचा रंग, आणि दोघांना दोन आठवत होते. यात मलाही फार मजा वाटत होती. गाडी मध्येच कधीतरी काकांनी डेपोच्या हिरव्या रंगानं रंगवली होती, त्यामुळे वरून काहीच कळेना. बोर्ड बसला. मी सुचवलं की जिथे दुसरा रंग पोचला नसेल तिथे बघू. सीट पूर्ण काढली, बॅटरीची पेटी हलवली, आणि तिथे तळहाताएवढा मूळ रंग निघाला. तो ना आकाशी होता ना कैरीसारखा. मोरपिसात मध्येच जी फिकी छटा असते, तसलं काहीतरी. दोघांनी तो दिवसाउजेडी बाहेर नेऊन पाहिला. "बगा, आकाशी," काका म्हणाले. "बघा, हिरवा," सिस्टर म्हणाल्या. दोघंही जिंकून आत गेले. दुकानदाराला तो तुकडा दाखवून तसाच रंग आणला आणि काकांनी ब्रशनं तीन हात दिले. मामी म्हणाल्या, कपाट छान रंगवलंय, चालायचं मात्र नाही.

मामींचं सगळं खरं झालं असतं तर गाडी कधीच सुरू झाली नसती. पण ती झाली. पहिल्यांदा चालू झाली तेव्हा इतका धूर निघाला की गल्लीच्या टोकाला कुणाला काही दिसेना. डासांवर धूर मारणारी कँटोन्मेंटची गाडी आली असं समजून मामींनी खिडक्या लावल्या आणि वाळत घातलेले कपडे ओढून घेतले. धुरातून काकांचा आवाज येत होता, "आनंद हाय, आनंद हाय." सिस्टर ओट्यावर पदर नाकाला लावून उभ्या होत्या. मी म्हटलं, आता तुमचं मत बदला. त्या म्हणाल्या, चालू झाली, चालली कुठं?

मामींनी लिंबू-मिरची बांधायला आणून दिली, ती काकांनी नम्रपणे परत केली. लिंबानं गाडी चालली असती तर डेपोत आम्ही लिंबोणीच लावल्या असत्या, असं ते म्हणाले. मिरच्या मात्र सिस्टरनी ठेवून घेतल्या, ताज्या होत्या.

आता काकांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. डेपोत गाड्या महिनोन्महिने उभ्या राहायच्या. उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल ठेवलं की ते वाळून चिकट होतं आणि नळ्या चोंदतात. म्हणून तिथे गाडी चालवून बघायची असली की मोजून थोडंसं पेट्रोल घालायचं, एक चक्कर मारायची, आणि उरलेलं काढून टाकी कोरडी करायची. काकांनी आयुष्यभर हेच केलं होतं. त्यांच्याकडे खोकल्याच्या औषधाची एक मोठी बाटली होती. रोज सकाळी त्या बाटलीनं ट्रायलचं पेट्रोल, त्यात हिशेबाचं ऑइल घालून, टाकीत ओतायचं. गल्लीत दोन-तीन चकरा. आल्यावर नळी लावून पुन्हा बाटलीत. मी त्यांना म्हटलं होतं, काका, टाकी भरूनच टाका एकदाची. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी गाडीला दारू पाजा म्हणाले.

निवृत्तीचा दिवस उजाडला. सिस्टर सकाळी आपल्या नव्या गाडीवर ड्यूटीवर गेल्या. काकांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. दुपारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट दोनदा पुसले, स्कूटर पुसली, ट्रायल घेतली, बाटलीनं पेट्रोल ओतलं आणि मला म्हणाले, मेंबर, तुमी रिक्षानं या, येताना सिस्टरचा पाळना तुमी आनायचा. गिअर टाकताना गाडीला हिसका बसला, पण गेली. भिंगारच्या बाजारातून ती पिसाऱ्याच्या रंगाची स्कूटर फटफट करत गेली तेव्हा दोन-तीन म्हातारे दुकानांतून उठून बाहेर आले.

दवाखान्यात शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. एक तरुण नर्स बोलता बोलता रडायला लागली आणि सिस्टरच तिला पाणी देत होत्या. हार गळ्यात घेऊन त्या फाटकापाशी आल्या आणि समोर स्कूटर, स्कूटरजवळ काका ताठ उभे. सिस्टर थांबल्या. हसतील, टोमणा मारतील असं मला वाटलं होतं. त्याऐवजी त्यांनी हार काढून माझ्याकडे दिला, पिशवी दिली, भेटीची सगळी खोकी दिली, स्वतःच्या गाडीच्या डिकीतलं हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं आणि पदर खोचून मागे बसल्या. फाटकातला शिपाई, नर्सबाया, रिक्षावाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागून त्यांची गाडी घेऊन निघाले, पायाशी खोकी, खांद्यावर हार.

छावणीची लांबच लांब भिंत सुरू होते, तिथे ती थांबली. आधी घसा खरवडल्यासारखा आवाज आला, मग काहीच नाही. काकांनी किक मारली. पुन्हा मारली. नॉब रिझर्व्हला फिरवला. प्लग काढून पुसला. घामानं इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "वाकडी करा की."

त्या काळातल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक असावं. तळाचं पेट्रोल उतरावं म्हणून दोघांनी मिळून गाडी एका अंगावर कलती केली, धरली, पुन्हा सरळ केली. सिस्टरचे हात बरोबर जिथे लावायला हवेत तिथे गेले. किकला गाडी चालू झाली, दोघं बसले, आणि चार झाडं ओलांडून ती पुन्हा बंद पडली. तेव्हा काकांनी टाकीचं झाकण उघडलं आणि आत बघितलं. मला कळलं, त्यांनाही कळलं. सवयीनं त्यांनी ट्रायलचीच बाटली ओतली होती. जायला पुरली होती, यायला नाही.

काढायची नळी घरी राहिली होती, त्यामुळे सिस्टरच्या गाडीतलं घेता येईना. मी म्हटलं, पंपावरून घेऊन येते, आणि काकांनी डिकीत ठेवलेली रिकामी बाटली घेऊन उलट नगरकडच्या पंपावर गेले. पंपावरच्या माणसानं खोकल्याची बाटली बघून हात जोडले. बाटलीत पेट्रोल द्यायला मनाई होती, गाडीच आणा म्हणाला. मी गयावया केली, निवृत्तीचं सांगितलं, खांद्यावरचा हारसुद्धा दाखवला. तो ऐकेना. रिकामी परत आले.

काका रस्त्याच्या कडेला मान खाली घालून उभे होते. मला म्हणाले, सिस्टरला तुमच्या मागं बसवा आणि घरी न्या, मांडवात लोक खोळंबलेत, मी ढकलत आनतो गाडी. आवाज अगदी बारीक झाला होता. त्या माणसाला मी पडवीत डिझेलनं माखलेलं पाहिलं होतं, धुरात नाचताना पाहिलं होतं, पण इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू यायला लागलं.

सिस्टरनी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं.

"पहिल्या दिवशी मला मधीच उतरवलं हुतं का तुमी?" त्या म्हणाल्या. "न्हाई ना? मग आज मी दुसऱ्या गाडीवर कशी बसू? धरा हँडल."

काकांनी हँडल धरलं आणि सिस्टरनी मागून सीटला हात लावला. रेशमी साडी, डोक्यात गजरा. दोघं ढकलत निघाले. मी मागून अगदी हळू गाडी चालवत राहिले, पुढे गेले नाही. थोडं पुढे गेल्यावर सिस्टर काहीतरी म्हणाल्या आणि काकांची मान वर झाली. मग काका काहीतरी म्हणाले आणि सिस्टर हसल्या. नंतर ते सारखे बोलतच होते. काय ते मला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. त्यांच्या नोकऱ्या एकाच गावात होत्या, पण सिस्टरची ड्यूटी रात्रीची तर काकांची दिवसाची, असं सगळं आयुष्य गेलं होतं. इतकी लांब वाट दोघं मिळून कधी चालले होते, कोण जाणे. मध्ये एका झाडाखाली त्यांनी गाडी उभी केली, सिस्टरनी पदरानं काकांच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि भर रस्त्यात काकांनी तो पुसू दिला.

घरासमोर मांडव घातला होता. खीर कधीची तयार होती, पाहुणे ताटकळले होते, पोरं कंटाळून झोपली होती. गल्लीच्या तोंडाशीच मामी उभ्या. त्यांनी ढकलत येणारी स्कूटर पाहिली, घामाघूम काका पाहिले, आणि तोंडभर हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पडली ना बंद? मी म्हनलंच हुतं."

काकांनी तोंड उघडलं. खोटं बोलायची सवय त्यांना नव्हती, ते खरंच सांगणार होते. पण सिस्टर आधी बोलल्या. सीटवरचा हात न काढता, गजरा सावरत, अगदी सहज.

"बंद कशाला पडतीय? लई वर्सांनी दोघं संगं निघालो हुतो. म्हनून जरा सावकाश आलो."